वसई : तहापलीकडचे गाव

इंदुरातील मराठी माणसापुढे वसईचे नाव काढले, तर त्याला दोन साले आठवतात. पहिले १७३९. त्या साली चिमाजी अप्पाने वसई घेतली आणि त्या मोहिमेत आमचे सुभेदार मल्हारराव होळकर होते, एवढे येथे घरोघर ठाऊक असते. दुसरे १८०२. त्या सालच्या वसईच्या तहाचा विषय निघाला की बोलणाराचा आवाज जरा खाली येतो. कारण बाजीरावास पुण्याहून वसईपर्यंत पळावयास लावणारा यशवंतराव हाही होळकरच. एका सालाचा अभिमान आणि दुसऱ्याची हुरहूर, एवढ्यात आमची वसई संपते. गाव म्हणून तिचा विचार करण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. मलाही भासली नव्हती. तीस वर्षे इतिहास शिकविताना मी वसई नकाशावर दाखवीत आलो ती मुंबईच्या वरचा एक ठिपका म्हणून, आणि तोही छडी पुण्याकडे वळविता वळविता.

ही उणीव ध्यानात येण्यास एक विद्यार्थी कारण झाला. वडिलांच्या बदलीमुळे तो वसईहून आमच्या शाळेत आला होता. आडनाव पोर्तुगीज वळणाचे, धर्म ख्रिस्ती, घरची बोली मराठी. आठवीच्या वर्गात मी वसईची मोहीम रंगवून सांगत होतो. किल्ला हाती येत नाही असे पाहून आपले मस्तक तोफेने उडवून आत टाकावे, असे चिमाजी अप्पाने म्हटल्याची जी आख्यायिका आहे तिच्यापाशी मी आलो. तिला अस्सल कागदाचा आधार किती, हा प्रश्न वेगळा. वर्गात ती सांगण्याचा मोह आम्हा मास्तरांना आवरत नाही हे खरे. वर्ग स्तब्ध झाला. तेवढ्यात मागच्या बाकावरून कोणी त्या मुलास विचारले, “मग तुमची माणसे किल्ल्याच्या आत होती की बाहेर?” मुले हसली. तो हसला नाही. माझ्याकडे पाहत राहिला. उत्तर मी द्यावे अशी त्याची अपेक्षा असावी. मला ते ठाऊक नव्हते. मी पुस्तकाचे पान उलटले आणि पुढचा धडा घेतला.

त्यानंतर जे थोडे वाचन घडले आणि दिवाळीच्या सुटीत वसईस जाऊन जे पाहिले, त्यातून हा लेख तयार झाला आहे. त्या मुलास द्यावयाचे राहून गेलेले उत्तर, असेही त्यास म्हणता येईल.

वसईचा किल्ला उल्हास नदीच्या खाडीच्या उत्तर तीरावर, खाडी जेथे समुद्रास मिळते तेथे उभा आहे. तीन बाजूंस पाणी व चिखल आणि एका बाजूस जमीन, अशी त्याची ठेवण. त्या जमिनीच्या अंगाने उत्तरेकडे गेले म्हणजे केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्या लागतात; निर्मळ, आगाशी ही गावे लागतात; आणि पलीकडे नालासोपारा. या सोपाऱ्याचे मूळ नाव शूर्पारक. वसईचा किल्ला बांधला गेला त्याच्या अठराशे वर्षे आधी हे बंदर इतके नांदते होते की सम्राट अशोकाने आपल्या धर्माज्ञा येथे शिळेवर कोरविल्या. त्यांपैकी आठव्या आज्ञेचा तुकडा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांस सापडला, आणि नवव्या आज्ञेचा तुकडा त्याच परिसरातील भुईगाव येथे १९५६ साली मिळाला. भगवानलालांनी त्याच वर्षी बुरूड राजाचा कोट म्हणून लोक ज्यास म्हणत तो उंचवटा खणला. आत विटांचा स्तूप निघाला. स्तूपाच्या पोटात दगडी करंडा होता. त्यात एकाच्या आत एक अशा लहान होत जाणाऱ्या डब्या होत्या आणि भोवती बुद्धाच्या आठ लहानशा धातूच्या मूर्ती बसविल्या होत्या. शतकानुशतके ज्या टेकाडावर गुरे चरली त्याच्या खाली काय आहे याची गावास वार्ताही नव्हती. पुढे सोपाऱ्याची खाडी गाळाने भरत गेली, मोठी जहाजे येईनाशी झाली आणि व्यापार दक्षिणेस सरकत ठाण्याकडे व वसईकडे गेला. किनाऱ्यावरची गावे अशीच बसतात आणि उठतात. पाण्याने पाठ फिरविली की राजाचे काही चालत नाही.

सोळाव्या शतकाच्या आरंभी वसई गुजरातच्या सुलतानाकडे होती. पोर्तुगिजांचा गव्हर्नर नूनो द कुन्हा याने १५३३ साली तिच्यावर हल्ला करून ती लुटली. पुढच्या वर्षी सुलतान बहादूरशहा हुमायूनच्या कैचीत सापडला, आणि पोर्तुगिजांचे साहाय्य मिळावे म्हणून २३ डिसेंबर १५३४ रोजी त्याने वसई आणि तिच्या ताब्यातील मुलूख त्यांस देऊन टाकला. त्यात साष्टी होती, आणि पुढे जगप्रसिद्ध झालेले मुंबई बेटही होते. हा करार एका पोर्तुगीज गलबतावर झाला. वसईच्या इतिहासातील हा पहिला मोठा तह. त्याच्या वेळी वसईकर कोणी हजर असण्याचे कारणच नव्हते, हे येथे नमूद करून ठेवतो. कारण हाच प्रकार पुढेही घडावयाचा आहे.

पोर्तुगिजांनी वसईस आपल्या ‘उत्तर प्रांता’ची राजधानी केली. आपल्या जुन्या कागदांत ‘फिरंगाण’ हा शब्द येतो, तो बव्हंशी याच मुलखासाठी. त्यांनी बांधलेला कोट आजही उभा आहे. त्याचे बुरूज सेबास्तियन, रेमेदियुस, सांतियागो अशी संतांची आणि देवमातेची नावे धारण करतात. आत फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन अशा निरनिराळ्या पंथांचे मठ आणि चर्चे उठली. या भागातील काळा दगड गोव्यास गेला आणि तेथील बॉम जेझूच्या बांधकामात बसविला गेला. आगाशीच्या बाजूस जहाजे बांधली जात. पोर्तुगालहून आलेले फिदाल्गो म्हणजे सरदार घराण्यांतील लोक येथे वाडे बांधून राहिले. १६९५च्या सुमारास आलेल्या जेमेल्ली करेरी या इटालियन प्रवाशाने या शहराचे वर्णन करून ठेवले आहे. वैभव होते यात शंका नाही.

या वैभवाची किंमत मात्र कोटाबाहेरच्यांनी दिली. फ्रान्सिस्कन पाद्री आंतोनियो द पोर्तो याच्या काळात देवळे पाडली गेली. बोरिवलीजवळचे मंडपेश्वराचे शैव लेणे चर्चच्या उपयोगात आले. १५५९ च्या राजाज्ञेने बाप नसलेली हिंदूंची मुले पाद्र्यांच्या स्वाधीन करण्याची वाट मोकळी झाली, आणि १५६० मध्ये गोव्यास इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, आले. निर्मळचे जुने तीर्थ उद्ध्वस्त झाले. हे सर्व आपल्या पुस्तकांत असते आणि असावयासच हवे. परंतु पुस्तके येथे थांबतात. ज्यांनी धर्म बदलला, त्यांच्यात भयाने बदललेले किती, लोभाने किती, संकटात मिळालेल्या आधारामुळे किती आणि मनापासून किती, याचा हिशेब आज कोणास लावता येईल? एवढे मात्र दिसते की त्यांनी शेत सोडले नाही, जाळे सोडले नाही आणि बोली सोडली नाही. वसईच्या उत्तरेस सामवेदी ब्राह्मणांची वस्ती आहे आणि कुपारी म्हणविणाऱ्या सामवेदी ख्रिस्त्यांचीही आहे. दोघांची बोली एक, व्यवसाय एकच बागायतीचा. कित्येकांच्या वाड्यांचे बांधही एकमेकांस लागून. वर्गातल्या त्या प्रश्नाचा पहिला अर्धा भाग येथे निकालात निघतो. त्या मुलाचे पूर्वज लिस्बनहून आले नव्हते.

याच वसईतून एक माणूस जपानपर्यंत गेला. त्याची हकीकत मी इंदुरात कोणास सांगितली की ऐकणारा प्रथम माझ्याकडे संशयाने पाहतो. गोन्सालो गार्सिया हा १५५६-५७च्या सुमारास वसईत जन्मला. त्याचा बाप पोर्तुगीज आणि आई याच मुलखातली, असे सामान्यतः मानतात. जेझुइटांच्या शाळेत शिकून कोवळ्या वयात तो त्यांच्याबरोबर जपानला गेला. तेथील भाषा त्याने अशी आत्मसात केली की पाद्र्यांचे काम त्याच्यावाचून अडू लागले. पुढे काही वर्षे व्यापार करून तो मनिला येथे फ्रान्सिस्कन पंथात शिरला. धर्मगुरू म्हणून नव्हे, साधा बंधू म्हणून. १५९३ मध्ये फिलिपाइन्सच्या गव्हर्नराने जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे जे शिष्टमंडळ धाडले, त्याचा दुभाषी हा वसईकर होता. हिदेयोशीच्या दरबारात वसईचा एक मनुष्य उभा राहून स्पॅनिश पाद्र्याचे म्हणणे जपानी भाषेत सांगतो आहे, हे दृश्य कल्पनेत आणून पाहावे. नागपूर वा सातारा ही नावे ज्यांच्या कानी कधी पडली नसतील, त्यांच्या कानी उत्तर कोकणातला एक कंठ पडला होता.

या मैत्रीचा शेवट वाईट झाला. १५९६ मध्ये एक स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटले, त्यावरून संशय वाढले, आणि हिदेयोशीने क्योतो व ओसाका येथील ख्रिस्त्यांस पकडण्याचा हुकूम दिला. सव्वीस जणांस भर हिवाळ्यात नागासाकीपर्यंत चालवीत नेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर वधस्तंभांवर चढवून भाल्यांनी मारले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन होते. बाकीच्यांत बहुतेक जपानीच, आणि त्यांत बारा वर्षांचा एक मुलगाही होता. गोन्सालो त्या सहांपैकी एक. १८६२ मध्ये रोमने या सव्विसांस संत ठरविले. १९६२ मध्ये त्या टेकडीवर त्यांचे स्मारक झाले. तेथील धातूच्या सव्वीस आकृतींत एक वसईकराची आहे. वसईत आज त्याच्या नावाने महाविद्यालय चालते.

नागासाकीचे नाव येथे केवळ कुतूहलासाठी घेतलेले नाही. ते गावही वसईसारखेच पोर्तुगिजांच्या जहाजांमुळे मोठे झाले. खाडीकाठची ती किरकोळ वस्ती १५७१ मध्ये बंदर झाली, आणि १५८० मध्ये ओमुरा सुमितादा या तेथील सरदाराने ती जेझुइटांस देऊन टाकली. वसईचे दान सुलतानाने केले, नागासाकीचे सरदाराने. दोघेही अडचणीत होते. पुढे जपानने १६३९ मध्ये पोर्तुगिजांस घालवून दिले. वसईतून ते शंभर वर्षांनी, १७३९ मध्ये गेले. पोर्तुगीज गेल्यावर त्या दोन गावांतील मागे राहिलेल्या ख्रिस्त्यांचे काय झाले, हे पाहण्याजोगे आहे. नागासाकीच्या परिसरातील ख्रिस्ती दोनशे वर्षांहून अधिक काळ लपून राहिले. देवमातेची मूर्ती बौद्ध देवतेच्या रूपात पुजावी, प्रार्थना तोंडी पाठ ठेवाव्यात, मुलांस अंधारात शिकवाव्यात, असे त्यांचे चालले. १८६५ मध्ये त्यांतील काही जणांनी एका फ्रेंच पाद्र्यापुढे आपली ओळख दिली, तेव्हा जगास ते कळले. वसईच्या ख्रिस्त्यांवर अशी पाळी आली नाही. ती का आली नाही, हे समजण्यासाठी १७३९ कडे यावयास हवे.

वसईची मोहीम पुण्यात सुचली अशी आपली समजूत असते. वस्तुतः तिचा आरंभ गावकऱ्यांच्या गाऱ्हाण्यातून झाला. भिवंडीजवळच्या अंजूरचे गंगाजी नाईक आणि मालाडचे अंताजी रघुनाथ यांच्यासारखी स्थानिक घराणी पोर्तुगिजांच्या जाचाचे गाऱ्हाणे घेऊन पेशव्यांकडे खेटे घालीत होती. त्यांनी वाटा दाखविल्या, माणसे जोडून दिली, माहिती पुरविली. या भागाच्या इतिहासात गावकरी स्वतः होऊन पुढे आलेले दिसतात असा हा एकच मोठा प्रसंग. आणि क्रमिक पुस्तकांत त्यासच एखादे वाक्य मिळते, तेही मिळाले तर. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२४ मध्ये महिकावतीची बखर छापताना आपल्या लांबलचक प्रस्तावनेत या किनाऱ्यावरच्या प्रजेच्या राज्यकर्त्यांविषयीच्या उदासीनतेची कठोर मीमांसा केली आहे. राजवाडे यांच्या विधानाशी वाद घालण्याचा माझा अधिकार नाही. तरी गंगाजी नाइकाकडे पाहता ती उदासीनता सर्वत्र सारखी नव्हती असे म्हणावेसे वाटते.

१७३७ च्या वसंतात ठाणे आणि साष्टी मराठ्यांच्या हाती आली, अर्नाळा आला. वसई मात्र राहिली. निजामाविरुद्धच्या भोपाळच्या मोहिमेमुळे मोठ्या फौजा उत्तरेत गुंतल्या. तिचा निकाल जानेवारी १७३८ च्या दुराई सराईच्या तहाने लागला. पुढे मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे चिमाजी अप्पास येऊन मिळाले. माळव्यातून आलेल्या घोडेस्वारांस खाडीच्या चिखलात उतरून मोर्चे बांधावे लागले, हा त्यांस नवाच अनुभव असला पाहिजे. १७३९ च्या फेब्रुवारीपासून वेढा आवळत गेला. तीन बाजूंस पाणी असल्याने खरा मार्ग एकच, उत्तरेकडच्या जमिनीचा. आणि तेथे बुरुजांखाली सुरुंग नेणे एवढाच उपाय. भुयार खणावे, शत्रूने ते हुडकून उधळावे, पुन्हा खणावे, असे चालले. मेच्या आरंभी सुरुंग उडाले, सेबास्तियनचा बुरूज ढासळला, आणि भगदाडाच्या तोंडाशी दोन दिवस घनघोर झुंज झाली. काही सुरुंग उशिरा उडाले ते चढून गेलेल्या मराठ्यांच्याच पायाखाली. मराठ्यांची माणसे हजारोंनी पडली. अखेर किल्लेदार काएतानो द सोझा परेरा याने १६ मे रोजी शरणागती लिहून दिली, आणि आठ दिवसांत, म्हणजे २३ मेस, पोर्तुगीज बाहेर पडले.

शरणागतीची कलमे मी पूर्वी कधी बारकाईने वाचली नव्हती. मराठ्यांचे एवढे रक्त सांडले होते की आत शिरताच सूड उगविला असता तरी त्या काळच्या रीतीस ते सोडून झाले नसते. पण फौजेस हत्यारांनिशी व निशाणांनिशी जाऊ दिले. रहिवाशांस बायकामुले आणि चीजवस्त घेऊन जाण्यास मुभा दिली. आणि जे मागे राहतील त्यांस आपला धर्म पाळण्याची मोकळीक राहील असे मान्य केले. युरोपीय पाद्री बहुतेक निघून गेले. मागे राहिलेल्या ख्रिस्त्यांचा सांभाळ गोव्याच्या देशी पाद्र्यांनी केला. अठराव्या शतकाच्या मध्यानंतर साष्टीतून गेलेला फ्रेंच पंडित अंकेतिल द्यु पेराँ हा मराठी अमलात ख्रिस्ती लोक उघडपणे आपले सण पाळताना पाहून आश्चर्य करतो. नागासाकीचे ख्रिस्ती त्याच सुमारास अंधारात कुजबुजत होते.

याचा अर्थ सारे गोड झाले असा मात्र नव्हे. कोटातील मोठी चर्चे ओस पडली. त्यांच्या घंटा विजयी सैन्याने उतरविल्या. नाशकास नारोशंकराच्या देवळावर, भीमाशंकरास, वाईजवळ मेणवलीस त्या अद्याप टांगलेल्या आहेत. रोमन अक्षरे कोरलेली घंटा महादेवापुढे वाजते आणि भाविकास त्यात काही वावगे वाटत नाही. आम्हांस ती विजयाची खूण. ज्या गावची घंटा गेली त्या गावच्या म्हातारीस त्या दिवशी संध्याकाळी काय वाटले असेल, हेही एकदा मनात यावयास हरकत नाही. उलट बाजूने, निर्मळचे तीर्थ मराठी अमलात पुन्हा उभे राहिले, आणि चिमाजी अप्पाच्या नवसाचे म्हणून वज्रेश्वरीचे देऊळ बांधले गेले. कित्येक पिढ्या ज्या देवाचे नाव दबकत घ्यावे लागले, त्याची जत्रा पुन्हा भरू लागल्यावर कोणाच्या डोळ्यांस पाणी आले असेल तेही खोटे नव्हते. एकाच आळीत दोन घरे, आणि एकाच दिवसाचे दोन अर्थ.

म्हणून त्या मुलाच्या पूर्वजांविषयी विचाराल तर उत्तर असे की, बहुधा ते किल्ल्यात नव्हते आणि मोर्चातही नव्हते. कोटाच्या आतली वस्ती मुख्यतः फिदाल्गोंची आणि मठांची. हे लोक बाहेर आपल्या वाडीत होते, आणि दोन्ही बाजूंच्या तोफांचे आवाज ऐकत होते.

पुढचा काळ थोडक्यात सांगतो. १७८० च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती गॉडर्ड याने वसई घेतली. महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने ग्वाल्हेरजवळ १७८२ मध्ये झालेल्या सालबाईच्या तहात साष्टी इंग्रजांकडे राहिली आणि वसई मराठ्यांस परत मिळाली. वसईच्या दैवाचा निकाल या खेपेस चंबळेच्या मुलखात लागला.

आता १८०२. इंदूरच्या वाचकांस हा भाग परिचित आहे, तरी त्याची आपल्या बाजूची साखळी ध्यानात घ्यावी. एप्रिल १८०१ मध्ये पुण्यात विठोजी होळकरास हत्तीच्या पायी दिले. त्याच साली ऑक्टोबरात सर्जेराव घाटग्याने इंदूर लुटले, राजवाडा जाळला. पुढच्या वर्षी २५ ऑक्टोबरास, दिवाळीत, यशवंतरावाने हडपसरनजीक शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा धुव्वा उडविला. बाजीराव निसटला तो महाड, सुवर्णदुर्ग असा किनारा धरीत इंग्रजी जहाजातून डिसेंबरात वसईस पोहोचला. यशवंतराव त्यास परत बोलावीत होता. तो गेला इंग्रजांच्या कुशीत. ३१ डिसेंबर १८०२ रोजी कर्नल क्लोजबरोबर तह झाला. किमान सहा हजार पायदळाची इंग्रज फौज पेशव्यांच्या मुलखात राहावी, तिच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख तोडून द्यावा, सुरतेवरचे हक्क सोडावेत, निजाम आणि गायकवाड यांच्याशी असलेले तंटे इंग्रजांच्या निवाड्यावर सोपवावेत. कलमे आपण सर्वांनी पाठ केली आहेत आणि पाठ करवून घेतली आहेत.

वसईने यात काय केले? काही नाही. पळून आलेल्या धन्यास तिने जागा दिली, इतकेच. तरीही मराठी राज्याच्या अधोगतीस जे नाव चिकटले ते पुण्याचे नव्हे, कलकत्त्याचे नव्हे, तर वसईचे. ‘वसईचा तह’ हा आपल्या भाषेत जवळजवळ कलंकवाचक शब्द होऊन बसला आहे. आमच्या माळव्यात मंदसोरचेही तेच झाले. महिदपूरच्या पराभवानंतर ६ जानेवारी १८१८ रोजी होळकरांनी मंदसोरास तह केला. त्यानंतरच राजधानी इंदुरास आली, आणि आम्ही इंदूरकर ज्या शहराचा अभिमान बाळगतो त्याच्या भाग्याची सुरुवात त्या नामुष्कीपासून होते. मंदसोरचे नाव आम्ही त्या रागाने घेत नाही, वसईचे घेतो.

इंग्रजी अमलात कोट ओसाड झाला. कोणी आत साखरेचा कारखाना काढून पाहिला, त्याचेही आता भग्नावशेषच उरले आहेत. १८६४ मध्ये आगगाडी आली ती किल्ल्यापासून दूर, पूर्वेच्या अंगाने, आणि गावाचा ओढा तिकडे वळला. गर्सन द कुन्हा या विद्वान डॉक्टराने १८७६ मध्ये चौल आणि वसई यांच्या पुराणवस्तूंवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला नसता, तर थडग्यांवरचे कित्येक लेख आज वाचावयास मिळाले नसते. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या बारा लाखांवर भरली. २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा होऊन वसई तिकडे गेली. वाड्या तोडून इमारती उठू लागल्या, तेव्हा हिरव्या वसईच्या रक्षणासाठी मोठे आंदोलन झाले. त्याच्या अग्रभागी असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) हे नंदाखालचे. ‘सुवार्ता’ मासिक त्यांनी अनेक वर्षे संपादिले, बायबल नितळ मराठीत आणले, आणि २०२० मध्ये उस्मानाबादेस भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्यांच्या निवडीवर काहींनी आक्षेप घेतले, तेव्हा मला त्या मागच्या बाकावरच्या प्रश्नाची आठवण झाली. आत की बाहेर, हे विचारण्याची खोड मोठ्यांनाही असते.

मी किल्ल्यात गेलो ती सकाळची वेळ होती. आत चिमाजी अप्पाचा पुतळा आहे, नागेश्वराचे देऊळ आहे, आणि छप्पर नसलेली चर्चे आहेत. एकाच्या फरशीत फिदाल्गोंचे लेख पायांखाली येतात. किल्लाबंदराकडच्या दरवाजातून बाहेर पडले की कोळीवाडा लागतो. वलांडीवर बोंबील वाळत होते, आणि एक वृद्ध कोळीण, गळ्यात क्रूस, माशांवरचे कावळे हाकीत होती. मी इंदूरचा म्हणून सांगताच तिने विचारले, “तिकडे मासळी मिळते का?” गोड्या पाण्याची मिळते म्हणालो, तर तिने अशा कीव आल्यासारख्या मुद्रेने पाहिले की होळकरांचा विषय काढण्याचा माझा धीर झाला नाही.

तो मुलगा आता आमच्या शाळेत नाही. वडिलांची पुन्हा बदली झाली. यंदाच्या सहामाहीच्या प्रश्नपत्रिकेत ‘वसईच्या तहाची कलमे लिहा’ हा नेहमीचा प्रश्न काढून त्या जागी मी ‘वसईविषयी तुम्हांस काय ठाऊक आहे ते लिहा’ असा प्रश्न घातला. वर्गात सोपारा, घंटा, नागासाकी, सारे सांगून झाले होते. दोघांनी गोन्सालो गार्सियाबद्दल लिहिले, एका मुलीने गंगाजी नाइकाबद्दल. उरलेल्यांनी तहाची कलमे लिहिली.